खालची नळी

ही गोष्ट खरी आहे. ज्याच्यावर गुदरली तो माणूस, किसनराव, माझा साडू. राळेगावकडच्या एका खेड्यात राहतात. अजून आहेत, धडधाकट आहेत, कोणी गेलं तर बसवून चहा पाजतात. गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावून त्यांनी मला हे सांगितलं. मी त्यात माझ्या पदरचं काही घालत नाही.

यात रात्र नाही. अमावस्या नाही. स्मशान नाही.

जे झालं ते लख्ख उन्हात झालं.

कार्तिक महिना होता. यवतमाळच्या बाजारातलं बंदुकांचं एक जुनं दुकान. दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. किसनरावांसोबत होता धरमसिंग, शेजारच्या तांड्यावरचा, त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त.

पिकाच्या रक्षणासाठी म्हणून किसनरावांना बंदुकीचं लायसन मिळालं होतं. पण पिकाचं नाव कागदापुरतं. खरं कारण घरात होतं. आदल्या वर्षी त्यांच्या तुरीत रानडुकरानं मैनाबाईची मांडी फाडली. मैनाबाई म्हणजे किसनरावांची बायको, माझ्या बायकोची मोठी बहीण. माउली वाचली, पण पाय कायमचा अधू झाला. त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून किसनराव म्हणाले होते, "पुन्हा हिच्या अंगाले डुक्कर शिवलं, तं मी माळ काढून ठेवीन."

म्हणून बंदूक.

शेटजींनी काउंटरवर दोन बंदुका मांडल्या. दोन्ही जुन्या, हातपालट झालेल्या. मालक वारले, घरच्यांनी दुकानात विकायला ठेवल्या. नेहमीच्या दुनळीत नळ्या शेजारी-शेजारी असतात. या दोन्हीत एकीवर एक होत्या.

एकीचा दस्ता गाल टेकून टेकून झिजलेला. दुसरी कोरी करकरीत. तिला दसऱ्याच्या पूजेचा लाल धागा अजून बांधलेला होता.

"हे घे," धरमसिंगनं झिजकीवर हात ठेवला. "वापरलेली हाय. म्हणजे चालते. ते दुसरी नुसती नटवी दिसते."

"पाहू तं दे बाप्पा."

"पाह्य, पाह्य. पोरगी पसंत कराले गेल्तो आपण, तेव्हा एवढा येळ नाही लावला तू. चहा यायच्या आधी हो म्हनून बसला."

शेटजी हसले. किसनरावही हसले. त्यांचं ते शेवटचं मोकळं हसू असावं.

जुनी बंदूक घेताना एक रीत असते. ती मधून वाकवून उघडायची, नळीचं तोंड उजेडाकडे करायचं आणि मागून डोळा लावायचा. आत गंज असला, खड्डे असले, तर तिथंच कळतं.

किसनरावांनी झिजकी बंदूक उघडली. दाराकडे धरली. वरच्या नळीला डोळा लावला.

आत चकचकीत गोल उजेड. पलीकडे रस्ता, बंद चहाटपरी, तिच्यामागे कडुनिंब.

मग खालच्या नळीला लावला.

तोच रस्ता. तीच टपरी. तोच कडुनिंब.

आणि कडुनिंबाखाली... एक बाई उभी.

डोक्यावर जेवणाचं टोपलं. हिरवं लुगडं. तोंड इकडेच.

किसनरावांनी बंदूक खाली केली. रस्ता मोकळा होता. कडुनिंबाखाली सावलीशिवाय काही नव्हतं.

ऊन लागलं असेल, त्यांना वाटलं. पुन्हा डोळा लावला. वरची नळी... मोकळी.

खालची...

बाई रस्त्याच्या अलीकडे आली होती.

"साफ आहे ना?" शेटजींनी विचारलं.

"हो," किसनराव म्हणाले. "धरम, तू पाह्य."

धरमसिंगनं दोन्ही नळ्या पाहिल्या. "आरशासारख्या हायत. काहून? काय झालं?"

"काही नाही. मले दुसरी पाह्यजे."

दुसरीच्या दोन्ही नळ्यांत रस्ता होता, टपरी होती, कडुनिंब होता. बाई नव्हती. धरमसिंग गाडीत बसेपर्यंत बडबडत होता, "नटवीवर भाळला लेका म्हातारपणी." सुटलो, एवढंच किसनरावांच्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशीची दुपार.

किसनराव ओसरीवर बसून बंदुकीला तेल देत होते. अंगणात चटईवर मैनाबाई ज्वारी पाखडत होती. सूप वर जायचं, खाली यायचं... फट्, फट्, फट्. कोंबडी दाणे टिपत होती.

तेल पुसून झाल्यावर त्यांनी बंदूक उघडीच धरली आणि सहज वरच्या नळीला डोळा लावला. मैनाबाई, सूप, कोंबडी. छान दिसत होतं सगळं.

मग खालच्या नळीला लावला.

आणि पाखडण्याचा आवाज... थांबला.

नळीच्या गोलात चटई होती. ज्वारी होती. कोंबडी टिपत होती. सूप चटईवर पालथं पडलं होतं.

मैनाबाई नव्हती.

त्यांनी डोळा काढला. फट्, फट्, फट्. ती समोर पाखडत बसलेली.

"मैना," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांना ओळखू आला नाही. "तिथंच बस. हालू नको."

"काहून? फोटू काढून राह्यले का बंदुकीतून?" ती हसली. "थांबा, पदर तं घेऊ द्या."

वरच्या नळीत तिनं पदर सारखा केला.

खालच्या नळीत... सूप पालथंच.

पुढचे कितीतरी दिवस त्यांनी हेच केलं. शेजारीण आली, दोन्ही नळ्यांत दिसली. धरमसिंग आला, दोन्हीत दिसला. पुण्याहून मुलगा रजत सुट्टीला आला, तोही दोन्हीत. एकटी मैनाबाई तेवढी खालच्या नळीत कधी म्हणजे कधी दिसली नाही.

काय समजायचं माणसानं?

किसनरावांनी समजायचं ते समजलं. ही बंदूक तिला खाणार. आपल्याच हातून. त्यांनी काडतुसं विकत आणली नाहीत. बंदूक कपाटात बंद केली, किल्ली करगोट्याला बांधली. धरमसिंगला घेऊन शेतात जायचे तेव्हा रिकामी बंदूकच खांद्यावर असायची. त्याला पत्ता नव्हता. आणि मैनाबाईला त्यांनी शेताची वाटच बंद केली.

तिला काय माहीत? तिला टोचलं.

"मी लंगडी झाली म्हनून का?" ती एकदा ताटावर म्हणाली. "बंदूक आली तं शेतात नेतो म्हनत होते ना? आता बंदूक आली तं मी नको झाली."

"तसं नाही."

"मंग कसं? सांगा ना."

किसनराव भाकरी कुस्करत राहिले. ती उठून आत गेली. त्यानंतर ती जेवायला वाढायची, पण समोर बसायची नाही.

शेवटी एका सकाळी ते यवतमाळला गेले आणि बंदूक दुकानात जमा करून टाकली. शेटजी चकित झाले. किसनरावांनी त्यांना ती झिजकी बंदूक कोणाची होती ते विचारलं.

शेटजींनी आवाज खाली आणला. "विकताना सांगत नाही आम्ही. नेरकडच्या एका माणसाची. बायको दुपारची भाकर घेऊन आली, हाक न देता तुरीतून चालली. याला वाटलं डुक्कर."

किसनरावांनी माळ घट्ट धरली. "लुगडं?"

"ते मला काय माहीत, भाऊ?"

"अन् माही?"

"तुमची तर कुमारीच. तिच्यातून एक फैर झाली नाही कधी. भिंतीवरची शोभा."

हे शेवटचं त्यांच्या कानात शिरलंच नाही. त्यांना फक्त कळलं होतं की आपण वेळेवर सावध झालो.

घरी येताना त्यांनी मैनाबाईसाठी बांगड्या आणल्या. "उद्यापासून ये शेतात," म्हणाले. त्या संध्याकाळी ती समोर बसून जेवली.

दत्तजयंतीचा सप्ताह लागला. गावात सात दिवस हरिनाम. ज्यानं ऐकलं असेल त्यालाच ते सुख माहीत. मृदंगावर थाप पडते आणि बसलेल्या माणसाचे गुडघे दुखायचे थांबतात. शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन. अख्खं गाव देवळात. किसनराव टाळकऱ्यांच्या रांगेत, पहिल्याच जागी.

महाप्रसादाच्या वांग्याच्या भाजीत टाकायला तुरीचे सोले, म्हणजे ओले दाणे, कमी पडले. बायकांत चर्चा झाली. मैनाबाई म्हणाली, "शेत काय दूर हाय? आनते मी दोन ओंजळी शेंगा. आता तं मले मोकळीक हाय."

किसनरावांनी तिला जाताना पाहिलं. तिनं हातानं खूण केली, आलेच. त्यांनी टाळ वाजवता वाजवता मान हलवली.

बुवा गोपाळांच्या शिदोऱ्या सांगत होते. कोणी लंगडा, कोणी बोबडा, देव सगळ्यांसोबत जेवतो. लोक हसत होते, डोळे पुसत होते. भजनाला रंग चढला. किसनरावांनी टाळावर टाळ मारला...

आवाज आला नाही.

पुन्हा मारला.

नाही.

शेजारच्याचे टाळ वाजत होते. मृदंग वाजत होता. भोंगा कर्कश वाजत होता. त्यांच्या हातातली पितळ मात्र कापसासारखी झाली होती.

ते टाळ टाकून धावले. कीर्तनातून असं कोणी उठत नाही. लोक बघत राहिले. धरमसिंग मागून धावला.

तुरीच्या कडेला शेंगांची ओंजळ सांडली होती.

पुढचं मी लिहीत नाही. किसनरावांनीही तिथं सांगणं थांबवलं होतं. डुक्कर होतं. पिलांची मादी होती, लोक म्हणतात. यावेळी मांडीवर भागलं नाही.

मैनाबाईचं डोकं मांडीवर घेऊन किसनराव बसले होते. लांबून भोंग्यावर अजून भजन ऐकू येत होतं. धरमसिंगला तुरीत सळसळ दिसली. तो ओरडला, "बंदूक! किसन, बंदूक कुठी हाय?"

"जमा केली."

"जमा? कायले? कोनं सांगतलं तुले जमा कराले?"

किसनराव तिचा पदर सारखा करत राहिले.

"घरात बंदूक नाही हे मले सांगतलं असतं, तं तिच्यासंग मी आलो असतो ना रे!" धरमसिंग मातीवर हात आपटत रडला. "काहून केलं तू असं? काहून?"

तेराव्यानंतर किसनराव दुकानात गेले आणि तीच बंदूक परत घरी आणली. गळ्यातली माळ मात्र काढली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "काढून कोनाले दाखवू?"

हे सगळं त्यांनी मला गेल्या उन्हाळ्यात सांगितलं. आम्ही नवरा-बायको त्यांच्याकडे गेलो होतो. ओसरीवर बसून ते बोलत होते. मांडीवर ती बंदूक, मधून उघडलेली. काडतूस अजूनही घरात नाही.

"आता डुकरं?" मी विचारलं.

"खाऊ दे," ते म्हणाले.

मग त्यांनी डोळा खालच्या नळीला लावला. बराच वेळ तसेच बसले. ओठ हलत होते, कोणाशी बोलावं तसे. मी नामस्मरण समजलो. मग नीट ऐकलं. नामस्मरण नव्हतं.

"साडभाऊ," त्यांनी बंदूक माझ्यापुढे धरली. "पाहून घ्या एकदा. वरची नाही. खालची."

मी हात पुढे केला. गार लोखंड बोटांना लागलं. नळीचं तोंड अंगणाकडे होतं.

मी डोळा लावला नाही. बंदूक तशीच त्यांच्या मांडीवर ठेवली आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठलो. एसटीला अजून खूप वेळ होता.

लोक म्हणतात, तुम्ही भ्यालात. भजनाची माणसं तुम्ही, असल्या गोष्टींना भिता?

भ्यालो. अजून भितो.

अंगणात चटईवर माझी बायको शेंगा सोलत बसली होती.