एका झिलूचे सात आजार

झिलू पहिल्यांदा दवाखान्याच्या खिडकीशी आला, तेव्हा यमुनाने मान वर न करताच विचारलं, "नाव? काय होतंय?"

"झिलू. गुडघं धरल्यात, पोटात जंत, कान फुटलाय... आनी सकाळी उठलं की ओकारी."

आता मान वर करणं आलंच. समोर सव्वीस-सत्तावीसचा धडधाकट गडी, खांद्यावर घोंगडी.

"हे सगळं तुम्हाला?"

"न्हाई, वाडीला. बारा मैल जंगल तुडवून कोन कोन येनार? ज्येचा पाय बरा, त्यो सगळ्यांचं औषध नेतोय."

डॉक्टर चिठ्ठीवर आजार लिहायचे आणि यमुनाने सरकारी यादीतून त्याचा आकडा शोधून रजिस्टरात नावापुढे टाकायचा. चिठ्ठीवर नाव एकच, झिलू. रामनगरहून ती नुकतीच आलेली, नोकरी हंगामी. तिने सगळे आकडे बिनघोर झिलूच्या नावापुढे मांडून टाकले.

मग तो दर मंगळवारी यायला लागला. कधी केळीच्या पानात भाजलेले कणगीचे कंद ठेवून जायचा, कधी रानातली जांभळं. दवाखान्यात तिला सगळे 'अक्का' म्हणत, म्हातारेसुद्धा. झिलू मात्र खिडकीशी येऊन नुसता घसा खाकरायचा. यमुनाला ते खाकरणं ओळखू येऊ लागलं... आणि मंगळवारी वेणी घालायला जरा जास्तच वेळ लागू लागला.

आणि एक दिवस वरून कागद आला. एकाच पुरुषाला एका महिन्यात गुडघेदुखी, जंत आणि गरोदरपणातली ओकारी कशी? आठ दिवसांत खुलासा द्या. नोंदी खोट्या निघाल्यास नेमणूक रद्द.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. त्या मंगळवारी तिने कागद झिलूपुढे आपटला.

"तुमच्या ओकारीपायी माझी नोकरी जाते आता."

झिलूचा चेहरा उतरला. "चला की मग. एकेक मानूस दावतो. बघा खोटं हाय का."

दुसऱ्या दिवशी नर्स इंदुबाईंना सोबत घेऊन, रजिस्टर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ती निघाली. वाटेत ओढा लागला तेव्हा झिलूने नुसता हात पुढे केला. ओढा संपला तरी तो सोडायचं दोघांच्याही ध्यानात आलं नाही. इंदुबाई भली बाई, झाडांकडे बघत राहिली.

वाडीच्या अंगणात सगळे गोळा झाले. गुडघे केशर आजीचे, ओकारी रुक्मा वहिनीची, जंत धाकट्या लखूचे, कान, खोकला आणि खरूज शेजारच्या घरांतली. एकेक आकड्याला त्याचा धनी मिळत गेला तसा यमुनाचा जीव भांड्यात पडत गेला. शेवटी एकच आकडा उरला. लागोपाठ चार मंगळवार तोच. झोप न लागणे.

"हा कुणाचा?"

केशर आजी हसली. "बाय, हितं समदी घोरत्यात. ह्यो एकटाच वट्यावर बसून असतोय."

चोराच्या मनात चांदणं... झिलू खांबाची साल सोलत उभा राहिला. यमुना त्याच्याजवळ गेली.

"कधीपासून झोप नाही?"

"तुमी खिडकीत मान वर केलीसा, तवापास्नं."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तरी तिने विचारलंच, "मला सगळे अक्का म्हणतात. तुम्ही का नाही?"

"लई डाव ठरवलं... पर म्हनवत न्हाई."

यमुना खाली बसली. त्या आकड्यापुढे तिने झिलूचं नाव पक्कं केलं. खुलासा तयार झाला. पण लेखणी थांबेना. खालच्या ओळीत तिने आणखी एक नाव लिहिलं, त्यापुढे तोच आकडा टाकला आणि रजिस्टर झिलूकडे फिरवलं. कागद पाठवणाऱ्यांनी काहीही म्हणावं, ही नोंद खोटी नव्हती.

तिसरी शिकलेला झिलू अक्षर अक्षर लावत वाचू लागला. मग तसाच बोट ठेवून उभा राहिला.

"काय लिवलंय रं?" आजीने विचारलं.

"आजी," झिलू म्हणाला, "यमुनालाबी झोप न्हाई."