न दाबता घुमणारी सातवी पट्टी

"तार नवी, स्विच नवा! आता चालू कर!" टिल्डा पट्ट्यांशेजारी पालथी पडूनच ओरडली.

तिच्या धाकट्या भावाने, अँटनने, बटण दाबलं. घूंऽऽऽ!

"पुन्हा सातवी पट्टीच! कोणी पाय लावला नाही तरी!"

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर हुल्डा ओमा, म्हणजे त्यांची आजी, या रविवारी चर्चमध्ये पुन्हा ऑर्गन वाजवणार होती. त्या ऑर्गनला पायांनी दाबायच्याही पट्ट्या असतात. पायांना सराव हवा, म्हणून हिवाळ्याच्या सुट्टीत दोघांनी शेडमध्ये पायांनी वाजवायच्या तीस लाकडी पट्ट्या बसवल्या होत्या. प्रत्येक पट्टीच्या टोकाला लोहचुंबक, समोर फळ्यांच्या भिंतीलगत काचेच्या नळीतला इवलासा स्विच. पट्टी दाबली, चुंबक स्विचजवळ गेलं, की सूर!

सातवी मात्र दिवसभर आपोआप घुमायची, आणि रायनर काका द्राक्षमळ्यातून परतले की गप्प!

"चाळे तुमचेच," काका म्हणायचे. काल तर त्यांनी बजावलं, "उद्यापर्यंत नीट झालं नाही, तर सगळं शेकोटीत! माझ्या आईला उगाच आशा लावू नका."

टिल्डाने सातवी पट्टीच उपटून अंगणात नेली. तरी घूंऽऽऽ!

"म्हणजे चुंबक दुसरंच आहे!" अँटन म्हणाला.

दोघं भिंतीमागे धावले. फळीवर जुन्या स्पीकरचं जाडजूड चुंबक ठोकलेलं!

"ही तर काकांची छाटणीची कात्री चिकटवायची जागा!"

टिल्डाने त्यावर फावडं टेकवलं. सूर बंद! काढलं. घूंऽऽऽ!

"लोखंड चिकटलं की चुंबकाची ओढ त्यातच अडकते. काका कात्री घेऊन गेले, की फळीपार जाते!"

"फेकून देऊ!"

"वेडा आहेस? काका म्हणतील, चाळे केले. त्यांनाच वाजवू दे!"

संध्याकाळी पट्टी जागेवर बसली. काका आले, कात्री चिकटवली. सगळं शांत. ओमा काठी टेकत शेडमध्ये आली.

"काका, कात्री जरा द्या ना!" टिल्डाने आतून हाक मारली. काकांनी भिंतीमागे कात्री ओढून काढली.

घूंऽऽऽ!

"बघ आई! कोण वाजवतंय?" काका बाहेरून गरजले.

"तुम्ही!" दोघं एकदम ओरडले.

अँटनने काकांना चुंबक दाखवलं. ओमा हसून हसून बाकावर बसली. "रायनर, चाळीस वर्षं मी ऑर्गन वाजवते, पण भिंतीपलीकडून कधी जमलं नाही रे!"

काकांनी फळीवरून चुंबक उपटून काढलं. ओमाने बूट चढवले, दुखरा पाय हळूच सातव्या पट्टीवर टेकवला. सूर उमटला. पाय उचलला, सूर थांबला.

"ऐकते माझं!" तिचे डोळे भरून आले. "शाबास रे पोरांनो!"

काका कान खाजवत म्हणाले, "आजचा माझा केक तुम्हा दोघांना."

"तुमच्या वाट्याचे दोन्ही तुकडे?" अँटनने विचारलं.

"दोन्ही!"