कोपरावरचा खडू

मावशी त्या दुपारी तालमीला निघाली ती साध्याच कामाला. मास्तरांच्या शेवटच्या नाचाचा शेवट मुलींना शिकवायचा होता. उद्या मास्तरांच्या आठवणीचा कार्यक्रम. तो नाच येणारं जिवंत माणूस एकच, आपली मावशी. आणि मावशी नेमका शेवट विसरली होती! पण कबूल करेल तर मावशी कसली? थापा मारताना तिची पापणीसुद्धा हलायची नाही.

मास्तरांची तऱ्हाच वेगळी. नाचणाऱ्यांच्या जागा खडूने जमिनीवर आखायचे, म्हणून बोटं कायम पांढरी. ओरडायचे नाहीत. मागून यायचे, दोन बोटांनी कोपर वर उचलायचे. ज्याचं कोपर उचललं, त्याला पुढच्या दौऱ्यावर न्यायचे. बाकीचे बसा बोंबलत.

मावशीच्या गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलेला. ती आरशासमोर खुर्चीत बसली. मुली मागे उभ्या राहिल्या. बाहेर आभाळ दाटलं होतं, खोलीत जुन्या लाकडाचा ओलसर वास.

"शेवटी गिरक्या घ्यायच्या, आणि धपकन खाली बसायचं," मावशीने ठोकून दिलं.

"मास्तर असं धपकन बसवायचे?" भाचीने विचारलं. क्लास आता तीच चालवायची.

"तू तेव्हा पाळण्यात होतीस, भवाने. बघ इकडे."

मावशी बसल्या बसल्या हात फिरवू लागली. गिरकी संपली. आता हात खाली यायचा... तो आलाच नाही. वर गेला. हळूच, कुणी धरून न्यावा तसा. बोटं मिटली, मान वळली, आणि... अरे, हाच तर शेवट!

मुलींनी तो जसाच्या तसा उचलला. मावशीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. चला, नाच वाचला एकदाचा.

"काय फसवतेस गं!" भाची हसली. "म्हणे धपकन! पण मावशी... बाहीला काय लागलंय?"

मावशीने आरशात बघितलं. कोपरावर दोन पांढरे डाग. शेजारी शेजारी.

"खडू असेल."

"इथे कुठला खडू? आम्ही तर जागांना चिकटपट्ट्या लावतो."

मावशीने झटकून बघितलं. जाईना.

"उद्या पहिल्या रांगेत बस हं," भाची म्हणाली.

"बघते... दौऱ्याचं बोलावणं नाही आलं तर."

भाची खो खो हसली. मावशी हसली नाही. जिना उतरताना तिला कठडा धरावा लागला नाही. गुडघे एकदाही कुरकुरले नाहीत.