आत्याच्या घरी मर्तिक अन् लग्न

साहेब, माणसं तोडायचं काम तुम्ही फार सफाईनं केलंत. नवरा जिंतूरला, बायको पालमला, अन् मधी अख्खा जिल्हा. लग्नाला आठ महिने झाले तरी सूर्यभान गुरुजी अन् कुसुम यांचा संसार परभणीच्या एसटी स्टँडवरच होता... दर रविवारी, दोन गाड्यांच्या मधल्या दोन तासांत. एका गावी बदली द्या, असा दोघांनी मिळून केलेला अर्ज शिक्षण कचेरीत तुमच्या टेबलावर होता. तुम्ही त्याच्यावर पेपरवेट ठेवलात. बस्स.

कुसुमचे वडील मूळचे रत्नागिरीचे. निजामाचं राज्य गेलं, मराठी शाळा निघाल्या, तेव्हा मास्तरकी करायला इकडं आले अन् इकडचेच झाले. तिकडं राहिली एक सगुणाआत्या, अन् राहिला समुद्र.

"एकदा दाखवा की मला," कुसुम स्टँडवर म्हणाली.

"मी तरी कुठं बघितलाय? माझी धाव पूर्णा नदीपस्तोर."

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत दोघांनी आपापल्या शाळेतून सहा दिवसांची रजा टाकली. त्यातले तीन एसटीनं खाल्ले.

रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्याची वाळू काळीभोर. सूर्यभाननं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पण लाट आली की तो मागं, गेली की पुढं.

"भिता का समुद्राला?"

"भीत न्हाई. ओळख व्हायचीय अजून."

"माझ्याशी आठ महिन्यांत झाली नाही. स्टँडवर हातसुद्धा धरत नाही तुम्ही."

"तिथं कंट्रोलर बघायलाय ना..."

"अन् इथं?"

त्यानं हात धरला. खारा वारा, ओला पदर, त्याची गरम बोटं — सगळं होतं, पण कुसुमचा जीव थाऱ्यावर नव्हता. हात धरला की सुटायची वेळ आठवायची. सवयच लागली होती तशी. तिनं दोनदा त्याच्या मनगटावरचं घड्याळ बघितलं.

तिला हसवायला तो म्हणाला, "एक सांगू? रजेच्या अर्जात म्या तुझी आत्या मारली. मर्तिकाला जायलोय म्हणून लिवलं."

कुसुम हसली नाही. "कोणती आत्या?"

"एकच हाय की. सगुणाबाई."

"अहो... मी सगुणाआत्याच्या घरी लग्न लिहिलंय."

दोघं वाळूतच बसले, पोट धरून हसले. रविवारच्या दोन तासांत समुद्राशिवाय दुसरं बोललेच नव्हते ते; अर्जात कारण काय लिहायचं, ते ठरवायचं राहूनच गेलं होतं. मग हसणं हळूहळू विरलं. दोन्ही अर्ज परभणीच्या एकाच कचेरीत गेले होते. ज्या टेबलावर बदलीचा अर्ज होता, त्याच टेबलावर.

रात्री घरी आत्यानं ताटात बांगड्याचं कालवण वाढलं, सगळं ऐकलं. "मेलेलीच्या हातचं गोड लागतंय ना? मग जेवा. अन् लग्न कुणाचं ते सांगा, नटून बसते."

परतीच्या गाडीत सूर्यभानला झोप लागेना. "लग्नाच्या मांडवातच आत्या गेली म्हणू. दोन्ही अर्ज खरे ठरतेत. बदली वाचती."

कुसुम खिडकीबाहेर बघत राहिली. एका खोटेपणावर एक घर मिळत होतं — रोजचं, दोन गाड्यांच्या मधलं नाही. तिचा होकार ओठापर्यंत यायचा अन् परत फिरायचा.

आठवड्यात खुलाशाला बोलावणं आलं. तुम्ही दोन कागद शेजारी शेजारी मांडलेत. "मर्तिक की लग्न? काय ते एक सांगा. नाहीतर बदली विसरा."

"साहेब, त्याचं असं झालं, मांडवात..." सूर्यभाननं सुरुवात केली.

"थांबा तुमी," कुसुम म्हणाली. रागावली की तिच्या तोंडात पालमची बोली यायची. "आत्या ठणठणीत हाय, साहेब. लग्नबी कुणाचं न्हवतं. खोटं लिवलं, दोघांनी लिवलं. मला नवऱ्यासंगं समुद्र बघायचा होता. तुमच्याकडं मेलेल्याला रजा हाय, लग्न लागायला रजा हाय; लागलेलं लग्न नांदवायला काय हाय? खोट्या अर्जाला तुमी सहा दिवस दिले. खरा अर्ज त्या पेपरवेटखाली पडलाय. त्याला काय देता, ते आज, आमच्यासमोर बोला."