सुट्टी मंजूर

उदयसिंह घार्गे सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि वडूजजवळच्या आपल्या मळ्यात रमले. माल्टा नावाचं बेट जगाच्या पाठीवर आहे, हे त्यांना लेकीमुळं कळलं. दीपमाला तिथल्या एका दवाखान्यात नर्स होती. चैत्र लागला तसं तिनं तिकीट धाडून वडिलांना, आपल्या आप्पांना, बोलावून घेतलं. तिची आई मंगल मात्र, जनावरं कुणाच्या भरवशावर सोडू म्हणून मागं राहिली.

लेकीनं रजा काढून त्यांना बेट फिरवलं. पिरॅमिडांच्याही आधीची दगडी देवळं दाखवली. एका मोठ्या चर्चमध्ये सगळी जमीनच संगमरवरी थडग्यांची होती. सुभेदार तिथं पाय जपून टाकत चालले. बंदरावर दुपारची तोफ उडाली तेव्हा त्यांची छाती आपसूक पुढं आली. सगळं देखणं होतं, पण मन राहून राहून गावाकडच्या येरळा नदीच्या वाळूत जाऊन बसायचं. लहानपणी औंधला यमाईच्या यात्रेला गेलं की वडील त्यांना तिथलं संग्रहालय दाखवायचे, बोट धरून, एकेका चित्रापुढं उभं करून. आता लेक तसंच दंडाला धरून हिंडवत होती.

एका दुपारी ती त्यांना एका जुन्या लष्करी इस्पितळात घेऊन गेली. आता त्याचं संग्रहालय झालं होतं.

"पहिल्या महायुद्धात जखमी शिपाई जहाजं भरभरून या बेटावर आणायचे, आप्पा," ती म्हणाली. "आपल्याकडचेही काही होते म्हणे."

इतक्यात तिला दवाखान्यातून फोन आला. "तुम्ही बघत पुढं व्हा, मी आलेच," म्हणून ती अंगणात गेली.

सुभेदार एकटेच आत शिरले. लांबलचक वॉर्ड होता. दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा, त्यांवर करड्या रंगाची घडी घातलेली कांबळी, पुढं दोरी बांधलेली. उंच खिडक्यांतून येणारा उजेड जमिनीपर्यंत पोचतच नव्हता. औषधाचा उग्र वास येत होता. चार पावलं गेल्यावर मागचे पर्यटकांचे आवाज विझल्यासारखे झाले. मग औषधाचा वासही विरला आणि त्याजागी दुसराच वास आला... तापल्या रानाचा, नुकत्याच काढलेल्या जोंधळ्याच्या धाटांचा.

शेवटच्या खाटेवर कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. अंगात जाड लष्करी कोट. पुतळा ठेवला असेल, असं सुभेदारांना वाटलं.

"सुगी झाली का, दादा?"

आवाज कोवळा होता. सुभेदार जागीच थबकले. आपल्याकडचं कुणी पोरगं इथं कामाला असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

"झाली की. कुठला रं तू?"

"येरळंकाठचा." मान वळली नाही. "पानी हाय का नदीला?"

"नदीला न्हाई. पन कालव्याचं आलंय. ऊस लावलाय आमी."

"ऊस...? आपल्यात?" तो हसल्यासारखा वाटला. "आन माळावर मेंढरं बसत्यात का अजून? रातच्याला त्येंच्या घंटा वाजायच्या... हितं नुसता समुद्र वाजतोय."

सियाचीनच्या बर्फात पहाऱ्यावर असताना सुभेदारांनीही असंच मेंढरांच्या घंटांसाठी कान दिले होते. भीती अंगावरून उतरून गेली आणि मागं उरली ती नुसती माया.

"घरला का गेला न्हाईस रं?"

"जागा सोडू नगं, बदलीचा मानूस आल्याबिगर हलू नगं म्हनले सायेब. बदलीला कुनी आलंच न्हाई. समदी गेली... मीच ऱ्हायलो."

एवढ्या वर्षांत किती पोरांच्या सुट्टीला सुभेदारांनी होकार दिला होता. जिभेला सवय होती.

"जा," ते म्हणाले. "सुट्टी मंजूर."

"मग... हितं कोन?"

"मी हाय की."

तो उठला. नाल मारलेल्या बुटांचा आवाज सुभेदारांच्या अगदी जवळून गेला, पण तोंड काही दिसलं नाही. मग पायांत एकाएकी शिसं ओतल्यागत झालं. थोडं टेकावं, एवढंच त्यांच्या मनात आलं.

दीपमालानं हलवलं तेव्हा ते त्या खाटेवर ताठ झोपले होते. कांबळं गळ्यापर्यंत नीट ओढलेलं. बूट खाटेखाली जोडीनं ठेवलेले.

"आप्पा, अहो, इथं कसे झोपलात?" ती त्यांच्या कपाळाला हात लावून म्हणाली. "किती हाका मारल्या मी."

"डोळा लागला, पोरी. दमलो आसंन," ते म्हणाले. बाकीचं त्यांना सांगवेना. तिनं त्यांना हाताला धरून बाहेर आणलं आणि पुढच्या दालनातल्या बाकावर बसवलं.

तेवढ्यात घरून मंगलचा फोन आला. तिकडं दिवेलागण झाली होती.

"आवं, तुमी कुनाला धाडलंय का? एक पोरगा आलाय. ह्या उकाड्यात जाड कोट घातलाय, तरी कुडकुडतोय. तांब्याभर पानी पेला, आन उसात जाऊन हुबा ऱ्हायला. पाल्यावरनं हात फिरवीत."

सुभेदारांनी फोन कानाशी घट्ट धरला. "काय म्हनतो?"

"सुट्टीवर आलोय म्हनतो. किती दिसाची, इचारलं तर म्हनतो, सुभेदारास्नी इचारा... काय सांगू त्येला?"

सुभेदारांनी मुदत घातलीच नव्हती. त्याला परत बोलवावं, असं एकदा त्यांच्या तोंडावर आलं. पण उसात उभं राहिलेलं ते पोर डोळ्यांपुढनं हलेना.

"ऱ्हाऊ दे," ते हळूच म्हणाले. "भाकरी वाढ त्येला."

"कोण आलंय, आप्पा?" दीपमालानं विचारलं.

"गावचाच हाय. चल, घरी जाऊ."

बाहेर पडायला काचेचा दरवाजा होता, माणूस जवळ आलं की आपोआप सरकणारा. दीपमाला पुढं झाली. दरवाजा सरकला, ती उन्हात गेली आणि दरवाजा मिटला.

सुभेदार दारापाशी आले. दरवाजा हलला नाही. ते एक पाऊल मागं सरले, पुन्हा पुढं झाले. त्यांनी हात वर करून हलवला, आणि 'मी हाय की' हे आपलेच शब्द त्यांना आठवले.

काचेपलीकडं दीपमाला वळून आत बघत होती. थेट त्यांच्याकडं. आणि तिचे डोळे त्यांना शोधत होते.