तेल लावलेला कोको

टक्… सुपातून एक बी फरशीवर पडलं.

धम्मरत्ननं ते उचललं. बोटांना तेल लागलं. घानाहून आणलेला सगळा कोको मी तुरीसारखा तेल-पाणी चोळून उन्हात घातला होता… साल सुटावं म्हणून. हातांना सवयच तशी. पण पाणी मुरलेला कोको दळताना गोळा होऊन बसतो, जात्यातून निघत नाही.

आडवळणाच्या पाऊलवाटेनं, चुकून मागच्या दारानं तो आमच्या संग्रामपूरच्या बचत गटाच्या डाळ गिरणीत शिरला, त्याला दोन महिने झाले. माझ्या केसांतला भुसा बघून हसला होता. मग रोज येऊ लागला. घानाच्या गावात काम करायचा तो. तिथल्या बाया जन्मभर कोको पिकवतात, पण पोती परदेशी जातात, चॉकलेट तिकडेच होतं अन् नफाही तिकडेच राहतो, असं सांगायचा. तुम्ही तूर न विकता डाळ विकता, तसा त्यांनीही गावातच कोको दळावा, हा त्याचा ध्यास. आमच्या दगडी जात्यावर कोको दळला गेला, तर तसंच जातं घेऊन तो तीन वर्षांसाठी घानाला जाणार होता. नाही तर इथेच राहणार होता.

मला हे ठाऊक होतं. त्यालाही आत्ता तेच आठवलं असावं.

"मुद्दाम केलं का?"

"नाही. पण झाल्यावर… बरं वाटलं मले."

माझ्या छकुलीचे बाबा वारल्यापासून असं मी कुणाशी बोलले नव्हते.

"हे आधी सांगायले काय झालं होतं?"

"तुम्ही इचारलंच कुठं?"

तो हसला, पण डोळे हसले नाहीत. खिशातून मूठभर कोरड्या बिया काढून त्यानं माझ्या तळहातावर ठेवल्या. बोटं जरा जास्तच वेळ तिथे राहिली.

"एवढ्याच उरल्या. तू म्हणशील तं फेकून देतो."

त्याच्या मोबाइलमधल्या फोटोतली घानाची एक बाई आठवली. कोकोची शेंग उंच धरून हसणारी. चॉकलेट तिनं कधी चाखलं नव्हतं म्हणे.

मी बिया कोरड्याच भाजल्या, पाखडल्या. जात्याचे दोन्ही दगड जवळ आणून बटण दाबलं. काळा, चकचकीत लगदा ओघळू लागला… म्हणजे आता तो जाणार.

"मी येईन परत," तो हळूच म्हणाला. "वाट पाहशील?"

मी पदरानं डोळे पुसले अन् मानेनंच हो म्हटलं. दारात उभी छकुली आम्हा दोघांकडे बघत होती.

"आई, काकानं जाऊ नये वाटते तुले… तं दळून काऊन देल्लं?"