नीट सांगा, वास कसा होता

"मिठासारखं, पण मीठ नसलेलं असं काही असतं का?"

ती खरं तर पावसाची सर चुकवायला दुकानात शिरली होती. पण समोर बरण्याच बरण्या दिसल्या आणि दोन महिने मनात घोळणारा प्रश्न तोंडातून निघून गेला.

मसालेवाल्याने वर पाहिलं. तिशीतला, उंच, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. "कोणासाठी?"

"बाबांसाठी. डॉक्टरांनी मीठ तोडलं, तर बाबांनी जेवणच सोडलं. शर्ट अंगावर लोंबायला लागलेत."

त्याने एक बरणी काढली. "ही कलोंजी. लोक शोभेसाठी चार दाणे टाकतात आणि विसरून जातात. भोपळा भाजा, ही कोरडी परतून वर घाला, लिंबू पिळा. आणि... एक अट आहे."

"कसली?"

"वास कसा आला ते येऊन सांगायचं. नीट, सविस्तर."

"सगळ्याच गिऱ्हाइकांना अशी अट घालता?"

"नाही," तो पुडी बांधत म्हणाला, "आजपासून सुरू केलंय."

बाबांनी त्या दिवशी वाटीभर भोपळा खाल्ला. दुसऱ्या दिवशी ती सांगायला गेली. मग उकडलेल्या बटाट्यांवर शेपू झाला, घेवड्यात ओवा, माशावर ठेचलेली बडीशेप... दर वेळी तो काउंटरवर कोपरं टेकायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "हं, सांगा."

"शेपूचा वास... नुकत्याच धुतलेल्या जिन्यासारखा. थंड, हिरवा. ओवा आधी औषधाच्या कपाटासारखा होता, पण तुपात पडला आणि एकदम शहाण्यासारखा वागायला लागला."

तो हसायचा. इतकं मन लावून तिचं बोलणं आजवर कोणी ऐकलं नव्हतं. चष्म्याच्या दुकानात ती दिवसभर लोकांचे डोळे तपासायची, तिथे तिने बोलायचं म्हणजे "आता दिसतंय का? आणि आता?" एवढंच. हल्ली तेही ती गुणगुणल्यासारखं विचारायची.

बाबांच्या नजरेतून ते सुटलं नाही. "काय गं, डबे भरलेले असताना तू मसाल्याला कशी जातेस?" त्यांनी घास घेता घेता विचारलं. ती पाणी आणायला उठून गेली.

एका दुपारी त्याने जायपत्रीची पूड काढली. "सूपमध्ये चिमूटभर, बस. जायफळाच्या नादात हिला कोणी विचारतच नाही." झाकण उघडून त्याने खोल श्वास घेतला. "कालच दळलीय. वास बघा कसा टवटवीत आहे."

तिने बरणी नाकाशी नेली आणि ती थबकली.

"ही तर दालचिनी आहे."

त्याने झाकण उलटून त्यावरचं नाव वाचलं आणि खाली पाहिलं. काल दोन्ही मसाले दळताना बरण्यांची झाकणं बदलली गेली होती, आणि झाकणावरच नावं होती. त्याचा चेहरा तिला ओळखीचा वाटला. नजर अधू झालेले लोक असेच तक्त्यावरची अक्षरं पाठ करून यायचे, पकडले गेले की असेच खाली बघायचे.

"कधीपासून?" तिने हळूच विचारलं.

"वर्ष झालं. ताप आला होता, त्यात वास गेला. घरीसुद्धा सांगितलं नाही. वास न येणाऱ्याकडून मसाला कोण घेईल?"

"म्हणजे मला जे विचारत होतात... ते यासाठी?" तिला वाटलं होतं तितकं ते सहज बोलता आलं नाही.

"पहिले दोन आठवडे, हो." त्याने झाकणं अदलाबदल करून नीट लावली. "नंतर... वास विचारला नाही तर तुम्ही पुडी घेऊन लगेच जाल, अशी भीती वाटायची."

रस्त्यावरून एक ट्रक गेला, बरण्या किणकिणल्या. तिने पर्स उघडली, उगाच बंद केली.

"नाकाच्या डॉक्टरांना दाखवलंत?"

"नाही."

"सोमवारी माझी सुट्टी असते. मी येते बरोबर. आणि रविवारी आमच्याकडे जेवायला या. बाबा केव्हाचे विचारतायत तुमच्याबद्दल."

"मला कळणार काय त्या जेवणातलं?"

"माझ्या शेजारी बसा. मी सांगत जाईन."

"किती दिवस सांगणार?" सूर थट्टेचा होता, नजर मात्र तिच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती.

तिने काउंटरवरचा त्याचा हात हातात घेतला. बोटं पिवळी होती, हळदीने.

"तुमचं नाक बरं होईपर्यंत," ती म्हणाली. मग जरा थांबून, हळू आवाजात, "आणि ते बरं झालं की... तुम्ही मला सांगा."